निवड आणि राखण

(नभोवाणीवरील भाषण)

खेळाडूच्या पराक्रमाविषयी बोलावयाचे असले म्हणजे वक्त्याला फारसे श्रम पडत नाहीत. धावांचे आकडे स्वतःच बोलतात आणि वक्त्याने केवळ मान डोलवावयाची असते. परंतु एखादा गुणी खेळाडू वाट चुकतो, संघातून वगळला जातो, पुन्हा उभा राहून धावांच्या राशी घालतो, आणि तरीही राष्ट्राच्या संघाचे दार त्याला उघडत नाही, तेव्हा काय बोलावे असा प्रश्न पडतो. आपल्याकडे अशा प्रसंगासाठी दोन वाक्ये तयार असतात. एक, 'गुणी होता, पण वाया गेला.' दुसरे, 'गुणी होता, पण त्याच्यावर अन्याय झाला.' पहिले वाक्य उच्चारणारा सगळा दोष खेळाडूच्या पदरी बांधतो, दुसरे उच्चारणारा तोच दोष निवड समितीच्या माथी मारतो. कोणत्याही वाक्याने मन चटकन मोकळे होते आणि विचार तेथेच थांबतो. आज मला ह्या दोन वाक्यांच्या मध्ये जी जागा उरते, तिच्याविषयी बोलावयाचे आहे; आणि त्यासाठी विनोद कांबळी ह्यांचे उदाहरण घेणे मला सर्वांत योग्य वाटते. कारण त्यांच्या बाबतीत ही दोन्ही वाक्ये गेली तीस वर्षे महाराष्ट्रातील घराघरांतून आलटून पालटून ऐकू येत आहेत.

कांबळी ह्यांचा जन्म १८ जानेवारी १९७२ चा. कांजूरमार्गच्या चाळवस्तीत त्यांचे बालपण गेले. खेळाचे साहित्य खांद्यावर टाकून लोकलच्या गर्दीतून दादर गाठावयाचे, शारदाश्रम विद्यामंदिरात शिकावयाचे आणि शिवाजी पार्कावर रमाकांत आचरेकर ह्यांच्या करड्या नजरेखाली खेळावयाचे, असा त्यांचा दिनक्रम होता. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमाची गाठ सेंट झेवियर्स शाळेशी पडली. त्या सामन्यात सोळा वर्षांचे कांबळी आणि पंधरावे वर्ष अजून पूर्ण न झालेले सचिन तेंडुलकर ह्यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. कांबळी ३४९ धावांवर नाबाद राहिले, तेंडुलकर ३२६ वर. त्यानंतर कांबळींनी चेंडू हाती घेतला आणि ३७ धावांत सहा गडी टिपले. पुढे जे घडले त्यामुळे लोक ह्या भागीचे स्मरण तेंडुलकरांच्या नावाने अधिक करतात. परंतु त्या दिवशी धावफलकावर थोरल्या मित्राचा आकडा मोठा होता, हे विसरून चालणार नाही.

रणजी करंडकाच्या पहिल्या सामन्यात पहिल्याच चेंडूवर त्यांनी षटकार मारला. १८ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, जयपूरला इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात त्यांनी नाबाद शतक केले. दहा-अकरा दिवसांनी कलकत्त्यास ते पहिला कसोटी सामना खेळले. फेब्रुवारीत वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध २२४ धावा, मार्चमध्ये दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७ धावा, आणि त्याच वर्षी कोलंबोस श्रीलंकेविरुद्ध लागोपाठच्या दोन सामन्यांत १२५ व १२० धावा, अशी ती घोडदौड होती. पहिल्या सात कसोटींत चार शतके, त्यांतली दोन द्विशतके. हजार धावा पूर्ण करण्यास त्यांना चौदा डाव पुरले; इतक्या थोड्या डावांत हा टप्पा त्यांच्यापूर्वी कोणाही भारतीयाने गाठला नव्हता. फिरकी गोलंदाजाला ते ज्या सहजतेने पुढे येऊन उचलून मारीत, ती पाहताना प्रेक्षकाला आपणही असे मारू शकू असे क्षणभर वाटे. आणि हा भास निर्माण करणे हेच थोर फलंदाजाचे लक्षण होय.

येथून पुढचा भाग सांगताना जपून बोलले पाहिजे. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ आला. त्याच्या वेगवान गोलंदाजांनी शरीराच्या रोखाने उसळणारे चेंडू टाकून कांबळींना सतावले आणि त्यांच्या धावा आटल्या. ही उणीव खरी होती आणि ती साऱ्या जगाला दिसली. त्याच सुमारास त्यांच्या राहणीविषयी व शिस्तीविषयी तक्रारी वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. कानातले डूल, गळ्यातली साखळी, वारंवार बदलणारी केशरचना ह्यांचीही चर्चा जोडीला होतीच. येथे एक घोटाळा झाला असे मला वाटते. वेष आणि वर्तन ह्या भिन्न गोष्टी आहेत. सरावास उशिरा येणे हा अपराध मानता येईल. कानात डूल घालणे हा अपराध नव्हे. परंतु समाजाच्या मनात एकदा 'हा मुलगा बिघडला' अशी नोंद झाली की डूलही पुराव्यात जमा होतो.

१९९५ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्ध कटकला झालेला सामना हा त्यांचा अखेरचा कसोटी सामना ठरला. त्या वेळी त्यांचे वय जवळजवळ तेवीस वर्षे दहा महिने होते. श्रोतेहो, ह्या आकड्यावर थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. ज्या वयात आपली मुले पदवी घेऊन पहिल्या नोकरीचे अर्ज लिहितात, त्या वयात एका फलंदाजाचा कसोटीचा हिशेब मिटला. आणि तो मिटला आहे हे त्यालाच काय, कोणालाच ठाऊक नव्हते.

कारण एकदिवसीय सामन्यांत ते होतेच. १९९६ च्या विश्वचषकात कानपूरला झिंबाब्वेविरुद्ध त्यांनी १०६ धावा केल्या. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्याच्या ईडन उद्यानात श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना झाला. २५२ धावांचे लक्ष्य गाठताना भारताचा डाव एक बाद ९८ वरून आठ बाद १२० असा कोसळला. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड ह्यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. दहा धावांवर नाबाद असलेले कांबळी रडत रडत मैदानाबाहेर पडले. ते दृश्य चित्रवाणीवर ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातून ते गेलेले नाही. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर जाणाऱ्या संघात त्यांचे नाव नव्हते.

आता पुनरुत्थानाविषयी. मुंबईकडून कांबळी खेळत राहिले आणि धावा करीत राहिले. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या कारकिर्दीचा हिशेब असा आहे : १२९ सामने, ९९६५ धावा, ३५ शतके, सरासरी ५९.६७, सर्वोच्च धावसंख्या २६२. त्यांतून कसोटीचे सतरा सामने व १०८४ धावा वजा केल्या तर ११२ सामने आणि ८८८१ धावा उरतात. हे काही वाया गेलेल्या माणसाचे आकडे नव्हेत. ह्या धावांच्या बळावर ते एकदिवसीय संघात नऊ वेळा परतले, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. नऊ वेळा परतणे ह्याचा अर्थ दहा वेळा बाहेर जाणे असा होतो. अखेरचा एकदिवसीय सामना ते २००० साली शारजास खेळले. १०४ एकदिवसीय सामने त्यांच्या नावावर जमा झाले, पण अठरावी कसोटी मात्र कधीच आली नाही.

निवड समितीच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे न्यायाचे होईल. कांबळींची कसोटीतील सरासरी ५४.२० आहे, तेंडुलकरांची ५३.७८. ही तुलना करून उसासा टाकण्याची पद्धत आहे. परंतु सतरा सामन्यांची सरासरी आणि दोनशे सामन्यांची सरासरी एका तागडीत घालता येत नाहीत. कांबळींची चारही शतके भारतात व श्रीलंकेत झाली. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व वेस्ट इंडीज येथील खेळपट्ट्यांवर कसोटी खेळण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नसते. १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर पदार्पण करताना सौरव गांगुली ह्यांनी १३१ आणि राहुल द्रविड ह्यांनी ९५ धावा केल्या, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात व्ही. व्ही. एस. लक्ष्मण संघात आले. ह्यांतल्या कोणाला बाजूस सारून कांबळींना घ्यावयाचे होते, असा प्रश्न समितीने केला तर त्याला सोपे उत्तर नाही.

वगळणे ही नेहमीच शिक्षा असते असेही नाही. भाऊसाहेब निंबाळकर ह्यांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या आणि तरीही त्यांना एकही कसोटी सामना मिळाला नाही. पद्माकर शिवलकर ह्यांनी प्रथम श्रेणीत ५८९ गडी बाद केले. बिशनसिंग बेदी ह्यांच्या काळात जन्मणे एवढाच त्यांचा अपराध. शिवलकरांना आणि त्यांच्या चाहत्यांना दुःख झाले असेल, पण कारण डोळ्यांपुढे होते. ते बेदींच्या हातून चेंडू सुटताना पाहू शकत होते. कांबळींच्या बाबतीत कारण सतत रूप बदलत राहिले. कधी उसळता चेंडू, कधी शिस्त, कधी तरुणांना संधी. ज्या आरोपाचे स्वरूप निश्चित नाही त्याचे उत्तर बॅटीने देता येत नाही. धावा केल्या तर शिस्तीचा मुद्दा निघतो. शिस्त पाळली तर धावा कमी पडल्या असे म्हणता येते.

ह्याच्या उलट एक जुने उदाहरण पाहा. लाला अमरनाथ ह्यांनी १९३३ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडविरुद्ध ११८ धावा करून भारताचे पहिले कसोटी शतक नोंदविले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर, पहिली कसोटी खेळली जाण्यापूर्वीच, बेशिस्तीच्या आरोपावरून त्यांना परत पाठविण्यात आले. विजयानगरमचे महाराजकुमार तेव्हा कर्णधार होते आणि मेजर ब्रिटन-जोन्स हे व्यवस्थापक. पण हे प्रकरण तेथे संपले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि १९३७ च्या आरंभी तिने जो अहवाल दिला त्यात कर्णधाराच्या कारभारावर टीका होती. अमरनाथांच्या माथ्यावरचा कलंक पुसला गेला. मध्ये महायुद्ध आले, तरी १९४६ च्या दौऱ्यावर अमरनाथ पुन्हा संघात होते आणि १९४७-४८ साली ऑस्ट्रेलियात भारताचे कर्णधार होते. १९४९ साली नियामक मंडळाशी त्यांचे पुन्हा बिनसले आणि मंडळाने त्यांना खेळण्यास बंदी केली. ह्याही वेळी मंडळाने आरोप उघडपणे केले आणि अमरनाथांनी उत्तर उघडपणे दिले. भांडण कडाक्याचे झाले. पण ते भांडण होते, कुजबूज नव्हती. म्हणूनच ते मिटू शकले. १९५२ साली पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्या कसोटी मालिकेत कर्णधार म्हणून पुन्हा अमरनाथच उभे होते, आणि ती मालिका भारताने जिंकली. स्वभावाने ते गरीब गाय कधीच नव्हते. फरक एवढाच की त्यांच्यावरचा निवाडा लिहिला गेला, आणि लिहिलेला निवाडा फिरविता येतो.

आपण म्हणाल, ही क्रिकेटची, आणि त्यातही आपल्याच देशाची रीत असेल. तसे नाही. फ्रान्समध्ये हातेम बेन अर्फा नावाचे फुटबॉलपटू होऊन गेले. १९८७ साली जन्मलेले. क्लेअरफोंतेन येथील राष्ट्रीय प्रबोधिनीत तयार झालेले, आणि चेंडू पायाला शिवून टाकल्यासारखे पळणारे. लियों, मार्सेय, इंग्लंडातील न्यूकॅसल असा त्यांचा प्रवास झाला, आणि जवळजवळ प्रत्येक मुक्कामी शिक्षकांशी खटका उडाला. २०१५ च्या जानेवारीत नीसच्या संघाने त्यांना घेतले. पण एकाच हंगामात तीन संघांकडून खेळता येत नाही ह्या नियमात ते अडकले आणि हंगाम संपेपर्यंत बाहेर बसून राहिले. संपला हा माणूस, असे सर्वांना वाटले. पुढच्या हंगामात मात्र त्यांनी फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीच्या साखळीत चौतीस सामन्यांत सतरा गोल केले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी वेंब्लीवर इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात ते राष्ट्रीय संघाकडून खेळलेदेखील. २०१६ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा फ्रान्समध्येच व्हावयाची होती. प्रशिक्षक दिदिए देशां ह्यांनी तेवीस जणांची यादी जाहीर केली तेव्हा तीत बेन अर्फांचे नाव नव्हते. ते राखीव यादीत होते. फ्रान्सचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि पोर्तुगालकडून एका गोलने हरला. बेन अर्फा असते तर तो गोल फिटला असता काय, ह्या प्रश्नावर आजही वाद घालता येईल. देशांनी केले ते योग्यच होते असेही कोणी म्हणेल. परंतु राखीव यादी म्हणजे काय? तुझा गुण आम्हांला मान्य आहे, तुझी हमी मान्य नाही, असे न बोलता सांगण्याची ती रीत आहे. बेन अर्फा पुन्हा कधी फ्रान्सकडून खेळले नाहीत.

ह्या सर्व उदाहरणांतून एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. मैदानावरचा हिशेब आणि निवडीचा हिशेब ह्या दोन वेगळ्या वह्या आहेत. मैदान मागचे मोजते. समिती पुढचे मोजू पाहते. धावांनी पहिली वही भरते. दुसरी भरण्यासाठी विश्वास लागतो, आणि विश्वास हा एकट्या खेळाडूने कमावण्याचा माल नव्हे. त्याला दोन बाजू लागतात. केवळ निवड करून भागत नाही. निवडल्यानंतर राखण करावी लागते.

ह्या बाबतीत आपल्या वऱ्हाडाला काही सांगता येण्यासारखे आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केले. अमरनाथांना ज्या वर्षी इंग्लंडातून परत धाडले त्याच १९३६ साली ह्या मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्या आखाड्याच्या परंपरेतून अशा संस्था निघाल्या, तीत वस्ताद हा केवळ डाव शिकविणारा नसतो. पठ्ठ्या काय खातो, किती वाजता निजतो, कोणाच्या संगतीत फिरतो, घरी काय चालले आहे, हे सारे तो पाहतो. पठ्ठ्या चुकला तर वस्ताद रागावतो, जोर-बैठका वाढवितो, आठ दिवस लाल मातीत उतरू देत नाही. पण नवव्या दिवशी उतरू देतो. शिक्षेची मुदत ठरलेली असते आणि पठ्ठ्याला ती ठाऊक असते. आचरेकर सर हे ह्याच जातीचे गुरू होते. दुर्दैव असे की शिष्य शिवाजी पार्कावरून निघून भारताच्या संघात गेला म्हणजे गुरूची नजर मागे राहते, आणि तेथे त्या नजरेची जागा घेणारे कोणी नसते.

आणखी एक दाखला मेळघाटातला देतो. परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. सभोवार सागाचे रान. सागाचे झाड बुडापासून तोडले तरी ते मरत नाही. बुंध्यातून धुमारे फुटतात. मुळे जुनी व खोल असल्यामुळे हे धुमारे बियांपासून उगवलेल्या रोपापेक्षा प्रथम झपाट्याने वाढतात. जंगलाचे काम जाणणारी माणसे त्यांतला एक जोमदार धुमारा ठेवून बाकीचे छाटतात. येथे निवड झाली. परंतु काम संपले असे कोणी समजत नाही. गवत वाळले की वणवा येईल म्हणून जाळरेषा काढावी लागते, आणि गुरांनी शेंडा खाऊ नये म्हणून लक्ष ठेवावे लागते. ही राखण पहिली काही वर्षे केली तरच त्या धुमाऱ्याचे झाड होते. निवडलेला धुमारा वणव्यात करपला म्हणून त्यालाच दोष देणारा वनरक्षक सेमाडोहच्या रानात सापडणार नाही.

एकवीस वर्षांच्या कांबळींपुढे १९९३ साली कीर्ती, पैसा आणि टाळ्या एकाच ऋतूत येऊन उभ्या राहिल्या. त्या वेळी त्यांच्याभोवती जाळरेषा कोणी काढली होती? बंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट प्रबोधिनी २००० साली निघाली. खेळाडूंशी वार्षिक करार करण्याची पद्धत त्यानंतर आली. उसळत्या चेंडूची उणीव दुरुस्त करून देणारा कायमचा शिक्षक नव्हता, मग मनाची उणीव ओळखणारा कोठला असणार? अशा स्थितीत ज्याच्या घरची घडी पक्की, ज्याचा स्वभाव मुळातच संयमी, तो तरून जाई. बाकीच्यांनी आपापले पाहावयाचे होते.

तथापि सोयी वाढल्या म्हणजे सर्व साधते असेही समजू नये. पृथ्वी शॉ ह्यांचे उदाहरण ताजे आहे. २०१३ साली, चौदाव्या वर्षी, त्याच हॅरिस ढालीच्या स्पर्धेत त्यांनी ५४६ धावा केल्या. २०१८ च्या ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४ धावा केल्या. २०१९ साली निषिद्ध द्रव्य आढळल्याने त्यांच्यावर आठ महिन्यांची बंदी घालण्यात आली; खोकल्याच्या औषधातून ते अजाणता पोटात गेले, हे त्यांचे म्हणणे नियामक मंडळाने मान्य केले होते. २०२१ च्या जुलैनंतर ते भारताकडून खेळले नव्हते, तरी २०२३ च्या जानेवारीत मुंबईकडून आसामविरुद्ध त्यांनी ३७९ धावांची खेळी केली. रणजी करंडकात तिच्याहून मोठी खेळी एकच, ती निंबाळकरांची. त्याच महिन्यात त्यांना राष्ट्रीय संघात बोलावले गेले, पण मैदानावर उतरविले गेले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईने त्यांना वगळले. शरीराच्या तंदुरुस्तीविषयी तक्रार होती. २०२५ साली ते महाराष्ट्राच्या संघात आले आणि ऑक्टोबरात चंडीगडविरुद्ध त्यांनी २२२ धावा केल्या. प्रबोधिनी, करार, वैद्य, शिक्षक, सारे असून हे घडले. राखण म्हणजे इमारत नव्हे. राखण म्हणजे कोणा एका माणसाचे नाव घेऊन दुसऱ्या माणसाने घेतलेली जबाबदारी होय.

खेळाडूची जबाबदारी मी झाकून ठेवू इच्छित नाही. सकाळी सरावाला उठणे, शरीर राखणे, हितकर्त्याचे कटू बोल ऐकून घेणे ही कामे त्याच्या वतीने दुसरा कोणी करू शकत नाही. लाला अमरनाथांचे चिरंजीव मोहिंदर ह्यांना किती वेळा वगळले ह्याची मोजदाद करणे कठीण आहे; प्रत्येक वेळी ते आपल्या खेळातली एखादी खोड दुरुस्त करून परत आले, आणि १९८३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सामनावीर ठरले. कांबळींच्या उसळत्या चेंडूच्या उणिवेला असे उत्तर कसोटीच्या मैदानावर मिळाले नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्याच श्वासात हेही मान्य केले पाहिजे की ते देण्याची संधी त्यांना तेवीस वर्षांनंतर मिळालीच नाही.

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कावर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. कांबळी प्रकृतीने खालावलेले दिसत होते. तेंडुलकर त्यांच्याजवळ गेले, आणि कांबळी त्यांचा हात सोडीनात. ती चित्रे देशभर पाहिली गेली. लोक हळहळले, मदतीचे हात पुढे आले, आणि ते योग्यच झाले. परंतु माझ्या मनात असे आले की करुणा किती उशिरा आणि किती सहज येते! ह्याच समाजाने १९९६ साली त्यांना एक साधी गोष्ट दिली असती तर तिचे मोल ह्या सगळ्या करुणेहून अधिक झाले असते. कोणीतरी अधिकाराने त्यांना समोर बसवून सांगावयास हवे होते : 'तुझे हे चुकले. त्याची शिक्षा इतक्या दिवसांची. तोवर हे दुरुस्त कर. नंतर ये, जागा असेल तर तुझा विचार इतरांच्या बरोबरीने होईल.' इतके सांगूनही कदाचित अठरावी कसोटी आली नसती. पण मग ती का आली नाही हे त्यांना कळले असते, आणि माणूस कळलेल्या कारणाबरोबर जगू शकतो.

हा उपदेश निवड समितीला करून मी थांबलो असतो. परंतु निवड समित्या काही मुंबईतच बसतात असे नाही. प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीत आणि, स्पष्टच बोलावयाचे तर, प्रत्येक घरात एक निवड समिती बसलेली असते. हुशार मुलगा एका वर्षी घसरला, मुलगी एका परीक्षेत चुकली, धाकट्या भावाने एकदा पैसे उधळले, की आपण त्याचे नाव मनातल्या यादीतून खोडतो. त्याला तसे सांगत मात्र नाही. पुढे तो कितीही सुधारला तरी जबाबदारीचे काम निघाले म्हणजे आपली नजर त्याच्यावरून पुढे सरकते. आणि तो बिचारा आपले काय राहिले आहे हे शोधीत नऊ नऊ वेळा परत येत असतो. अशा कोणाचे नाव आपल्या यादीतून खोडलेले असेल, तर ते का खोडले हे आज त्याला तोंडाने सांगावे, आणि ते पुन्हा केव्हा लिहिले जाईल हेही सांगावे. ते सांगणे कटू झाले तरी चालेल.